अठ्ठ्याण्णव खोडू नका

प्रश्न :

बाईंना नमस्कार. मी यवतमाळपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या गावात राहतो. पाच एकर वावर आहे. सोयाबीन, पऱ्हाटी, थोडी तूर. मी स्वतः दहावीला विज्ञानातच नापास झालो होतो, म्हणून हे पत्र लिहायला आठ दिवस लागले.

माझी मोठी मुलगी आठवीत आहे. मोजमापाला पक्की आहे. जूनमध्ये ओल्या गोणपाटात सोयाबीनचे शंभर दाणे ठेवून उगवण पाहिली, तेव्हा तिनंच मोजले. बासष्ट निघाले. पिशवीवर सत्तर लिहिलं होतं.

जुलैमध्ये शाळेत सरांनी पाणी उकळण्याचा प्रयोग घेतला. चार गट केले. हिच्या गटात थर्मामीटर हिच्याच हातात होता. पाणी खळखळ उकळत होतं तरी पारा ९८ च्या वर जाईना, म्हणून हिनं प्रयोगवहीत ९८ लिहिलं. बाकी तिन्ही गटांचं १०० आलं. सरांनी हिच्या आकड्यावर लाल रेघ मारून वर १०० लिहिलं आणि म्हणाले, "पाणी शंभरलाच उकळते. तुमचं पाणी खराब असन." पोरं हसली. आता तिला 'अठ्ठ्याण्णव' म्हणूनच हाक मारतात.

घरी येऊन मला म्हणाली, "बाबा, म्या अठ्ठ्याण्णव पायले, मंग शंभर काऊन लिवू?" मला उत्तर देता आलं नाही. तिच्या हट्टापायी यवतमाळहून काचेचा थर्मामीटर आणला. घरी गॅसवर पाणी उकळलं. ९८ च्या थोडा वर जाऊन पारा तिथंच थांबला.

सर वाईट नाहीत, पण मुलगी आता विज्ञानाच्या तासाला तोंड उघडत नाही. म्हणते, "पुस्तकातलंच लिवा लागते तं प्रयोग कायले करा लागते?" मी शाळेत जाऊन भांडू का? माझा साळा म्हणतो, प्रयोगाच्या भानगडीत पडू नका, यवतमाळला ट्यूशन लावा, मार्क पाहा. सर खरे की पोरगी?

एक बाप, यवतमाळ जिल्हा

उत्तर :

भाऊ,

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. पोरगी खरी आहे. पुस्तकही खोटं नाही. पुस्तकातल्या वाक्याचा पहिला अर्धा भाग आपण सगळ्यांनी मिळून गाळून टाकला आहे, तिथं घोळ आहे.

पूर्ण वाक्य असं आहे : समुद्रसपाटीला, हवेचा दाब ७६ सेंटिमीटर पाऱ्याइतका असताना, शुद्ध पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं. परीक्षेच्या घाईत पहिला भाग गळाला आणि 'पाणी शंभरला उकळतं' एवढंच पाठ राहिलं. मुंबईला समुद्राकाठी तेवढ्यावर भागतं. यवतमाळ समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटर उंच आहे, वर्ध्यापेक्षाही दोनेकशे मीटर उंच.

उंचीचा आणि उकळीचा संबंध काय, हे लेकीला असं सांगा. आपल्या डोक्यावर हवेचं ओझं आहे. जितकं उंच जावं तितका हवेचा काही थर खाली राहतो, म्हणून ओझं हलकं होतं. पातेल्याच्या तळाशी वाफेचा बुडबुडा धरतो तेव्हा त्याला हे ओझं बाहेर ढकलूनच फुगावं लागतं. भरलेली बंडी ओढायला बैलांना जोर जास्त लागतो, रिकामीला कमी. तसंच इथं. ओझं कमी असलं की जरा कमी तापलेल्या पाण्यालाही बुडबुडा फुगवणं जमतं, आणि पाणी लवकर उकळायला लागतं. कुकरमध्ये याच्या उलट होतं. शिटीचं वजन वाफ कोंडून धरतं, आतला दाब बाहेरच्या जवळपास दुप्पट होतो, आणि पाणी १२० अंशांच्या आसपास पोचतं. म्हणून तर तुरीची डाळ कुकरमध्ये चटकन शिजते. चिखलदऱ्याला, ११०० मीटरवर, उघड्या पातेल्यातलं पाणी ९६ च्या आसपासच उकळतं, त्यामुळे तिथं डाळीला जास्त वेळ द्यावा लागतो. एव्हरेस्टच्या माथ्यावर तर सत्तरीच्या आसपासच उकळी येते.

आता हिशेब. ढोबळमानानं दर ३०० मीटरला एक अंश कमी. ४५० मीटरला दीड अंश. म्हणजे तुमच्याकडे उकळी साडेअठ्ठ्याण्णवच्या आसपास यायला हवी. त्यातून जुलै महिना. पावसाळ्यात आपल्याकडे हवेचा दाब हिवाळ्यापेक्षा कमी असतो, त्याचाही थोडासा वाटा जातो. मग पारा ९८ वर, नाहीतर ९८ आणि थोडं वर थांबला, तर त्यात चुकीचं काय आहे? मला तर बाकीच्या तीन गटांचं नवल वाटतं. एकाच वर्गात, एकाच दिवशी, एकाच विहिरीचं पाणी, आणि त्यांचं बरोबर शंभर कसं आलं? भाऊ, ते थर्मामीटरवर आलं नाही. ते मागच्या वर्षीच्या वहीतून आलं.

सर म्हणाले, पाणी खराब असेल. तेही तपासून पाहू, कारण शंका घेणं वाईट नाही. पाण्यात क्षार किंवा मीठ विरघळलेलं असलं तर पाणी उशिरा उकळतं, म्हणजे आकडा शंभराच्या वर जायला हवा. तोही किती? लिटरभर पाण्यात साठेक ग्रॅम मीठ टाकाल तेव्हा कुठं एक अंशाचा फरक पडतो. तुमच्या बोअरचं पाणी कितीही जड असलं तरी इतकं खारट नक्कीच नाही. तेव्हा 'खराब पाणी' हे कारण उलट्या दिशेला नेणारं आहे. लेकीला हे सरांना दाखवायचंच असेल तर एका पातेल्यात मीठ घालून, एका पातेल्यात न घालता करून दाखवू दे.

एक गोष्ट तिला जरूर सांगा, ती खुश होईल. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी डोंगरात फिरणारे मोजणीदार आणि वनस्पतीशास्त्रज्ञ सोबत थर्मामीटर आणि पाणी उकळायचं लहान भांडं बाळगायचे. शिखरावर पोचले की पाणी उकळायचं, पारा पाहायचा आणि त्यावरून उंची काढायची. जोसेफ हुकर नावाच्या इंग्रज वनस्पतीशास्त्रज्ञानं १८४८ ते १८५० या काळात सिक्कीमच्या हिमालयात अशाच उंच्या काढल्या. त्याचा आकडा शंभर आला नाही म्हणूनच त्याला उंची कळली. तुमच्या लेकीनं नकळत आपल्या गावाची उंची मोजली आहे. ९८ धरलं तर ६०० मीटर येते, साडेअठ्ठ्याण्णव धरलं तर ४५०. अर्ध्या अंशानं दीडशे मीटरचा फरक पडतो, म्हणून दोन रेघांच्या मधला पारा नीट वाचायचा असतो, डोळा पाऱ्याच्या सरळ रेषेत ठेवून. वरून पाहिलं की एक आकडा, खालून पाहिलं की दुसरा.

(जाता जाता : ज्या सेल्सिअसच्या नावानं आपण अंश मोजतो, त्या स्वीडिश शास्त्रज्ञानं १७४२ मध्ये मोजपट्टी मांडली तेव्हाच उकळीचा बिंदू हवेच्या दाबानुसार सरकतो हे त्याला माहीत होतं. आणि त्याची पट्टी उलटी होती, उकळीला शून्य आणि बर्फाला शंभर. लोकांनी ती नंतर फिरवली. तशीच राहिली असती तर तुमच्या लेकीनं दोन लिहिलं असतं आणि सरांनी त्यावर रेघ मारून शून्य केलं असतं.)

आता जरा थांबा. मी पोरगी खरी म्हटलं म्हणून लगेच उड्या मारू नका. थर्मामीटर खोटा असू शकतो. शाळेत येणारे काचेचे थर्मामीटर एखाद-दुसऱ्या अंशानं चुकतात, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. तुम्ही सोयाबीन विकायला बाजार समितीत नेता, व्यापारी मशीन लावून ओलावा १४ सांगतो, आणि तुम्हाला ठाऊक असतं की माल १२ च्या आत वाळवलेला आहे. मग तुम्ही काय करता? दुसऱ्या अडत्याकडच्या मशीनवर पाहून येता. त्याच्यावर भरवसा नाही म्हणून भांडत नाही, मशीन तपासता. इथंही तेच. शाळेच्या थर्मामीटरनं ९८ दाखवलं आणि तुम्ही आणलेल्यानंही जवळपास तेच, ही चांगली खूण आहे. दोन वेगळी मशीनं एकच बोलतात. पण दोन्ही एकाच बाजूला चुकलेली असू शकतात. ते पाहायला बर्फ आहे.

फ्रिजमधला बर्फ घ्या किंवा गोळेवाल्याकडचा. कुल्फीवाल्याच्या पेटीतला नको, त्यात मीठ असतं आणि मीठ घातलेला बर्फ शून्याच्या बराच खाली जातो. बर्फ फडक्यात बांधून बारीक कुटा, पेल्यात भरा, वर थोडं साधं पाणी घाला, थर्मामीटर मध्यभागी धरून हळूहळू ढवळा, तीन-चार मिनिटं थांबा. वितळणाऱ्या बर्फाचं तापमान यवतमाळात काय आणि मुंबईत काय, शून्यच असतं. उंचीनं त्याला जवळजवळ फरक पडत नाही. पारा शून्यावर थांबला तर तुमच्या ९८ ची ताकद वाढली. एक अंश खाली थांबला, म्हणजे उणे एक दाखवलं, तर थर्मामीटर कमीच दाखवतो आहे. मग उकळीचा आकडाही एकानं वाढवून पाहावा लागेल. तसं निघालं तरी लेकीनं हिरमुसायचं कारण नाही. तिनं थर्मामीटरची चूक पकडली, ते काय कमी आहे?

मग उकळी तीनदा करा, वेगवेगळ्या दिवशी. गोळी तळाला टेकू देऊ नका, तळ पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो. थर्मामीटर दोऱ्यानं काठीला टांगा आणि काठी पातेल्यावर आडवी ठेवा, म्हणजे हातही भाजणार नाही. आणि कृपा करून तापाचा थर्मामीटर उकळत्या पाण्यात घालू नका. तो ४२ पर्यंतचाच असतो, तडकतो, आणि पारा घरभर होतो. पारा सांडलाच तर उघड्या हातानं गोळा करू नये, मुलांना दूर करून खिडक्या उघडाव्यात.

आता तुमच्या त्या बासष्ट दाण्यांकडे येते. पत्रात तुम्ही ते सहज लिहून गेलात, पण माझ्या मते सगळं पत्र त्यातच आहे.

पिशवीवर सत्तर होतं. तुम्ही शंभर दाणे मोजले, ओल्या गोणपाटात गुंडाळले, रोज पाणी शिंपडलं, दिवस मोजले, आणि बासष्ट निघाले. समजा तेव्हा कोणी येऊन म्हणालं असतं, "सोयाबीन सत्तर टक्केच उगवते, पिशवीवर छापलं आहे, तुमचं गोणपाट खराब असेल, बासष्ट खोडा." तुम्ही खोडलं असतं का? खोडून सत्तर धरून पेरलं असतं तर एकरी बियाणं कमी पडलं असतं आणि पेरणीच्या तासात खांडण्या, म्हणजे मोकळ्या जागा, पडल्या असत्या. ज्याच्या पोटाचा प्रश्न असतो तो आकडा खोडत नाही. तुम्ही बियाणं वाढवलं असणार, नाहीतर दुसरं आणलं असणार.

आणि पाहा, शंभरच दाणे का घेतले? पाच का नाही? पाचातले तीन उगवले की साठ टक्के, चार उगवले की ऐंशी. एका दाण्यानं वीस टक्क्यांची उडी. शंभरात ती उडी एका टक्क्याची होते. दाणे निवडून, टपोरे-टपोरे घेतले असते तर? मग पिशवीचा अंदाज लागला नसता, फक्त टपोऱ्यांचा लागला असता. हे सगळं तुम्हाला माहीत आहे, नुसतं त्याला नाव नाही. शाळेच्या पुस्तकात त्याला वैज्ञानिक पद्धत म्हणतात आणि ती साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष अशा चार मथळ्यांखाली कोंबून टाकतात. दहावीला विज्ञानात नापास झालेला माणूस दर जूनमध्ये ती नीट वापरतो, आणि प्रयोगवहीत पूर्ण गुण घेतलेली पोरांची तीन टोळकी वापरत नाहीत. लेकीला गोणपाट आणि पातेलं शेजारी शेजारी मांडून दाखवा. माझ्यापेक्षा तुमच्या तोंडून तिला ते जास्त पटेल.

सरांकडे येते. इथं मला स्वतःबद्दल सांगावं लागेल.

मी तेहतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं आणि त्यातली सुरुवातीची काही वर्षं तुमच्या सरांसारखंच शिकवलं. एकदा दुसऱ्या दिवशी तपासणी होती आणि चाळीस प्रयोगवह्या कोऱ्या. मी संध्याकाळी मुलांना थांबवलं आणि फळ्यावरून दोलकाचे आकडे उतरवून घ्यायला लावले. दोरी २५ सेंटिमीटर, वीस आंदोलनांना वीस सेकंद. दोरी १०० सेंटिमीटर, वीस आंदोलनांना चाळीस सेकंद. चाळीस वह्या, चाळीसही सारख्या. मागच्या बाकावरच्या एका पोरानं विचारलं, "बाई, सगळ्याइच्या दोऱ्या सारख्याच कशा हालल्या?" मी त्याला खाली बस म्हटलं. तपासणी झाली, सह्या झाल्या, शेरा 'समाधानकारक'.

पुढे काही वर्षांनी मी खरोखरच शाळेच्या कडुनिंबाला दोऱ्या बांधल्या, त्यांना गोटे लटकावले आणि मुलांना घड्याळं दिली. मीटरभर दोरीला कोणाचे अडतीस सेकंद आले, कोणाचे एकेचाळीस, एकाचे तर त्रेचाळीस. आधी मला घाम फुटला. मग आम्ही शोधायला लागलो. अडतीसवाल्यांनी गोटा सोडतानाच 'एक' म्हटलं होतं, म्हणजे त्यांची आंदोलनं एकोणीसच झाली होती. शून्यापासून मोजायला सांगितल्यावर चाळीस आले. एकेचाळीसवाल्यांनी दोरी गाठीपर्यंत मोजली होती, गोट्याच्या मध्यापर्यंत नाही. त्यांचा गोटा मोठा होता, दोरी खरं तर तीन-चार सेंटिमीटर जास्त निघाली. त्रेचाळीसवाला घड्याळ थांबवायला विसरला होता, तसं त्यानं स्वतःच कबूल केलं. त्या तासाला मुलांनी गोटा जड केला की दोलक जोरात हलतो का, हेही करून पाहिलं. निम्म्या वर्गानं हो म्हणून पैज लावली होती. हरली. वजनानं फरक पडत नाही, दोरीच्या लांबीनं पडतो, आणि लांबी चौपट केली की वेळ दुप्पट होतो. त्या वर्गातली मुलं हे विसरली नसतील. फळ्यावरून उतरवणारी विसरली, आणि मीही त्यांच्यातच होते.

हे सांगते ते एवढ्यासाठी की तुमच्या सरांकडे बहुधा एकच थर्मामीटर होता, चार गट होते, घंटा पस्तीस-चाळीस मिनिटांची होती, आणि नंतर कुठला तरी अहवाल भरून द्यायचा होता. शिक्षकांच्या मागं निवडणूक, सर्वेक्षण, पोषण आहाराच्या नोंदी यांचं जे लचांड असतं ते तुम्हाला गावात दिसतंच. त्यांनी प्रयोग घेतला, कपाटाचं कुलूप उघडलं, हेच मला आवडलं. बऱ्याच शाळांत ते कुलूप गंजून जातं. हसू नका म्हणून त्यांनी पोरांना दटावायला हवं होतं, ते मात्र चुकलं.

म्हणून भांडायला जाऊ नका. तुम्ही गेलात की तो बाप आणि मास्तर यांचा सामना होतो, आणि पोरगी मधल्या मधे सापडते. तिला स्वतःला जाऊ द्या, वर्ग भरलेला असताना नाही, मधल्या सुट्टीत. सोबत एक कागद असू दे. त्यावर तीन दिवसांची तीन वाचनं, दोन थर्मामीटरची नावं (शाळेचा, घरचा), बर्फातलं वाचन आणि तारखा. तिनं 'सर, तुम्ही चुकलात' म्हणायचं नाही. 'सर, तीनदा केलं, दरवेळी ९८-९९ च्या मधे येते. आपलं गाव किती उंच आहे?' एवढंच विचारायचं. तो प्रश्न कोणत्याही शिक्षकाला घरी जाऊन पुस्तक उघडायला लावतो. माझ्या अंदाजानं सर दुसऱ्या दिवशी वर्गात काहीतरी बोलतील. नाही बोलले तर नाही. तिचा कागद तिच्याजवळ आहेच.

वहीत काय लिहायचं? दोन ओळी. 'प्रमाण दाबाला पाण्याचा उत्कलनांक १०० अंश से.' आणि त्याखाली 'माझं निरीक्षण ९८ अंश से.' पहिली ओळ जगाची, दुसरी तिची. लेखी परीक्षेत उत्कलनांक विचारला तर शंभरच लिहायचं, आणि 'प्रमाण वातावरणीय दाबाला' हे शब्द जोडायचे. त्यात खोटेपणा नाही, कारण तिथं पुस्तकातली किंमत विचारली आहे. निरीक्षणाच्या रकान्यात मात्र डोळ्यांनी पाहिलेलंच जायला हवं. कदाचित एखादा गुण जाईल. आठवीत एक गुण जाऊ द्यावा.

तिचा तो प्रश्न, पुस्तकातलंच लिहायचं तर प्रयोग कशाला, हा मला सगळ्यात मोलाचा वाटला. त्याला तिच्याच तोडीचं उत्तर द्यायला हवं. लॉर्ड रॅले नावाचा इंग्रज शास्त्रज्ञ होता. तो नायट्रोजन वायूचं वजन करत होता. एकाच मापाचं भांडं, एकदा हवेतून काढलेला नायट्रोजन भरून, एकदा रसायनांपासून बनवलेला. एकदा २.३१ ग्रॅम भरायचे, एकदा २.३०. शंभरावा हिस्सा ग्रॅमचा फरक. कोणीही म्हटलं असतं, तराजू हलला असेल, जाऊ द्या. त्यानं जाऊ दिलं नाही. पुन्हा पुन्हा केलं, १८९२ मध्ये छापून लोकांना विचारलं की कोणाला कारण माहीत आहे का. रॅम्झी नावाचा रसायनशास्त्रज्ञ त्याच्या जोडीला आला आणि १८९४ मध्ये कळलं की हवेत आणखी एक वायू दडून बसला आहे, जो तोवर कोणी ओळखला नव्हता. आर्गॉन. हवेत तो जवळपास एक टक्का आहे. जुन्या पिवळ्या बल्बमध्ये तोच भरतात. १९०४ मध्ये दोघांनाही नोबेल मिळालं. रॅलेनं २.३१ खोडून २.३० लिहिलं असतं तर आपल्या प्रत्येक श्वासातला तो वायू आणखी काही काळ तसाच लपून राहिला असता.

आणि हे फक्त विलायतेतलं नाही. मेळघाट ओलांडून, बैतूलच्याही पुढे, मध्य प्रदेशातल्या तेव्हाच्या होशंगाबाद (आताच्या नर्मदापुरम) जिल्ह्यात १९७२ मध्ये खेड्यांतल्या सोळा उच्च प्राथमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक उपक्रम सुरू झाला. सहावी ते आठवीची, शेतकऱ्यांचीच मुलं. आधी प्रयोग, मग चर्चा, निष्कर्ष मुलांनीच काढायचा, आणि परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची परवानगी, कारण पाठ काय आहे ते तपासायचंच नव्हतं. तीस वर्षं चालला, शेकडो शाळांत पसरला, आणि २००२ मध्ये सरकारनं बंद केला. बंद का केला यावर तिथले जुने मास्तर अजून भांडतात. पण खेड्यातल्या पोरांना हे झेपत नाही, असं मला पुन्हा कोणी सांगू नये.

ट्यूशनबद्दल : आठवीला नको. गणित कच्चं असेल तर गावातच कोणाकडे तरी बसवा. रोज चोवीस किलोमीटर ये-जा करून शंभर हा आकडा आणखी पक्का करून घ्यायला पाठवण्यात मला काही शहाणपण दिसत नाही. साळ्यांना माझा नमस्कार सांगा.

त्यापेक्षा तो थर्मामीटर कामाला लावा, नाहीतर आणल्याचे पैसे वाया जायचे. सध्याच करण्यासारखं एक सुचवते. घरात माठ असेलच, आणि पितळेचा किंवा स्टीलचा गुंड. दोन्हींत सकाळी सारखंच पाणी, सावलीत शेजारी शेजारी ठेवायचे. लेकीनं आधी वहीत लिहायचं की दुपारी कोणत्या भांड्यात किती अंशाचा फरक असेल. आधी लिहायचं, मोजल्यावर नाही, नाहीतर मन आपोआप 'मला माहीतच होतं' म्हणतं. मग दर तासाला वाचन. आता श्रावण-भाद्रपदात फरक फारसा पडणार नाही, हवा आधीच ओलीचिंब आहे, माठाच्या अंगावरचं पाणी उडत नाही. ते पान तसंच ठेवून द्यायचं. एप्रिल-मेमध्ये, आपल्याकडे पारा पंचेचाळीसवर जातो तेव्हा, तीच दोन भांडी, तीच जागा, पुन्हा. पाणी उडताना माठातली उष्णता घेऊन जातं, आणि कोरड्या हवेत ते भराभर उडतं. दोन पानं शेजारी ठेवली की तिला घरचा कूलर मेमध्ये गार का आणि जुलैत चिकचिक का, हे कोणी सांगायची गरज पडणार नाही. तिची आई हे उत्तर आधीच देऊ शकेल, तरी तिला मोजू द्या.

'अठ्ठ्याण्णव' नावाचं काय करायचं, ते तिच्यावर सोडा. माझ्या वर्गात एकाला 'गोटा' म्हणायचे, त्या कडुनिंबाच्या दिवसापासून. त्याला ते पुढे आवडायला लागलं.

बर्फ मिळाला की वाचन कळवा. शून्य आलं तर सावकाश कळवा. एक किंवा उणे एक आलं तर लगेच, आणि त्या दिवशी लेकीकडूनच लिहून घ्या.